गुडघ्याएवढं इंजिन दहा माणसं ओढतं, ते कसं?

एका प्रकारचे व्हिडिओ हल्ली सारखे समोर येतात. गुडघ्याएवढं वाफेचं इंजिन, त्यामागे बाकड्यासारखे बुटके डबे आणि त्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यावर बसल्यासारखी बसलेली आठ-दहा मोठी माणसं, इंजिन मस्त झुकझुक करत वळणावरून निघून जातं. खालचे प्रश्न ठरलेले असतात, आत मोटर लपवलीय का, धूर खोटा असेल ना, एवढंसं यंत्र एवढं वजन ओढेलच कसं. तर मोटर नसते, धूर खरा असतो, आत खरा कोळसा जळत असतो आणि ओढण्याचं गणित इतकं सुंदर आहे की ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर तीनदा करून पाहिलं होतं. तेच इथे सांगतो, गणिताची भीती वाटणाऱ्यांनीही वाचावं, गुणाकार-भागाकाराच्या पुढे काही नाही.

आधी दोन शब्द: स्केल आणि गेज

या छंदात नवीन माणूस सगळ्यात आधी इथेच गोंधळतो. स्केल म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा मॉडेल किती पट लहान आहे ते. 1:8 म्हणजे खरं इंजिन सोळा मीटर लांब असेल तर मॉडेल दोन मीटर. गेज म्हणजे दोन रुळांच्या मधलं अंतर, बस.

दोन्ही एकच आहेत असं वाटतं पण तसं नाही. 45 मिलिमीटर गेजचा रूळ घ्या, बागेतल्या गाड्यांसाठी हा फार वापरला जातो. जर्मनीच्या लेहमान कंपनीने 1968 साली एलजीबी नावाने याच रुळावर मीटरगेज गाड्यांची मॉडेल्स आणली, त्यांचं स्केल 1:22.5. पण त्याच रुळावर 1:32 स्केलचं स्टँडर्ड गेजचं इंजिनही बरोबर बसतं, कारण खरे रूळच जास्त रुंद (1435 मिलिमीटर) असल्यामुळे ते जास्त पटीने लहान करावे लागतात. म्हणजे रूळ एकच पण वर चालणाऱ्या दोन गाड्या वेगवेगळ्या आकाराच्या, आणि शेजारी उभ्या केल्या की विचित्र दिसतात. पहिली गाडी घेताना फक्त गेज बघून घेणारे इथे हमखास फसतात.

माणसं बसतात त्या गाड्या याहून मोठ्या. साडेतीन इंच, पाच इंच आणि सव्वासात इंच ही नेहमीची गेज. उत्तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सव्वासातच्या ऐवजी साडेसात इंच चालतं, त्यामुळे इकडचं इंजिन तिकडच्या रुळावर जात नाही आणि पाव इंचाचं हे भांडण अजून मिटलेलं नाही. खालचं सगळं मी सव्वासात इंच म्हणजे साधारण 1:8 धरून सांगतोय.

सगळंच आठ पट लहान होत नाही

समजा खरं इंजिन 80 टनांचं आहे. 1:8 मॉडेल केलं तर वजन किती, 10 टन? नाही. लांबी आठ पट कमी, रुंदी आठ पट कमी, उंची आठ पट कमी, म्हणजे वजन 8 × 8 × 8 = 512 पट कमी. 80 टन भागिले 512 म्हणजे साधारण 156 किलो. चार माणसांनी धरून उचलावं एवढं.

आता पृष्ठभाग बघा. तो लांबी गुणिले रुंदी, म्हणून फक्त 64 पट कमी होतो. आतलं पाणी 512 पट कमी झालं पण त्याला गुंडाळणारा पत्रा 64 पटच कमी झाला, म्हणजे दर लिटर पाण्यामागे बाहेरची हवा लागणारी जागा आठ पट जास्त. मोठं पातेलं भरून उकळतं पाणी तासभर गरम राहतं आणि वाटीतलं पाच-दहा मिनिटांत कोमट होतं, अगदी तेच. म्हणून छोट्या बॉयलरला भोवती जाड गुंडाळी लागते, आणि म्हणूनच त्याच्या आगीकडे एक मिनिट दुर्लक्ष केलं तरी प्रेशर पडतं. मोठ्या इंजिनाची आग मोठी असते, ती थोडा वेळ स्वतःला सांभाळते, इथे आग म्हणजे ओंजळभर निखारे, त्यामुळे दर दोन-चार मिनिटांनी चमचाभर कोळसा टाकत राहावं लागतं.

आणि काही गोष्टी तर लहान होतच नाहीत. पाण्याचे रेणू तेवढेच, कोळसा जळण्याची रीत तीच, माणूस तर पूर्ण आकाराचाच! याचा सगळ्यात सुंदर परिणाम पुढे आहे.

मग दहा माणसं कशी ओढली जातात?

गणित आता उलटं करा. छोट्या इंजिनामागे बसलेला 70 किलोचा माणूस त्या इंजिनाच्या जगात किती वजनाचा? 70 गुणिले 512, म्हणजे जवळजवळ 36 टन. साधारण एका खऱ्या रेल्वे डब्याएवढा! म्हणजे दहा माणसं ओढणारं 156 किलोचं इंजिन आणि दहा डबे ओढणारं 80 टनांचं इंजिन हे एकाच मापाचं काम करतायत. खरं इंजिन दहा डबे ओढताना बघून आपण तोंडात बोटं घालत नाही, मग इथेही घालायचं कारण नाही. (बसायचे बुटके डबे स्वतः वजनदार असतात आणि छोट्या चाकांना घर्षण जरा जास्त नडतं, म्हणून प्रत्यक्षात हिशोब थोडा तंग होतो, पण मुद्दा तोच.)

अजून एक गंमत आहे. वाफेचं इंजिन किती जोर लावेल हे पिस्टनच्या क्षेत्रफळावर आणि वाफेच्या दाबावर ठरतं. क्षेत्रफळ 64 पट कमी, दाब खऱ्या इंजिनाच्या साधारण निम्मा धरा, म्हणजे जोर 128 पट कमी झाला. पण वजन 512 पट कमी झालंय! म्हणजे स्वतःच्या वजनाच्या मानाने छोटं इंजिन खऱ्यापेक्षा कागदावर चौपट ताकदवान आहे. त्याला ताकद कधीच कमी पडत नाही, त्याची चाकं घसरतात. रुळावर पकड राहायला वजन लागतं आणि तेच कमी आहे. म्हणून हौशी लोक इंजिनात जमेल तिथे शिशाचे तुकडे भरतात, म्हणूनच ओल्या रुळावर चढावर चाकं जागच्या जागी गरगरतात आणि मग ड्रायव्हरला रेग्युलेटर (वाफ सोडायचा दांडा) पटकन मिटून परत हळूहळू उघडावा लागतो. चांगला ड्रायव्हर ओळखायचा असेल तर त्याला ओल्या चढावर सुरुवात करताना बघा.

हे आधी कोणी करून दाखवलं

1874 च्या सुमारास इंग्लंडमध्ये सर आर्थर हेवूड यांनी डर्बीशरमधल्या आपल्या जागेत 15 इंच गेजची रेल्वे घातली. त्यांचा उद्देश खेळ नव्हता, सगळ्यात कमी रुंदीच्या रुळावर खरं उपयोगाचं काम कितपत होतं हे त्यांना सिद्ध करायचं होतं. त्याच गेजवर 1927 साली केंटमध्ये रॉमनी, हाईथ अँड डिमचर्च रेल्वे सुरू झाली, ती आजही प्रवासी नेते, लांबी साडेतेरा मैल.

पण घरच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या हौशी माणसासाठी खरी कलाटणी मिळाली 1920 च्या दशकात. तेव्हा असं मानलं जायचं की लहान गेजच्या इंजिनात कोळसा नीट जळणारच नाही, तिथे स्पिरिटचा दिवा बरा. एल.बी.एस.सी. या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका ब्रिटिश कारागिराने ‘आयेशा’ नावाच्या अडीच इंच गेजच्या कोळशाच्या इंजिनाने मोठा माणूस ओढून दाखवला. अडीच इंच म्हणजे तळहाताहून कमी रुंदीचा रूळ! त्यावर तेव्हा मोठा वाद पेटला होता, पुढे त्याने सोप्या भाषेत इतकी इंजिनं लिहून शिकवली की त्याच्या आराखड्यांवरून लोक आजही बांधतायत.

आत नेमकं काय चालतं

मला या छंदातली सकाळ सगळ्यात जास्त आवडते, म्हणून जरा सविस्तर.

बॉयलरच्या मागच्या टोकाला फायरबॉक्स असतो, म्हणजे आगीची पेटी, तिच्या चारी बाजूंना आणि डोक्यावर पाणी. पेटीतून निघालेला गरम धूर बऱ्याच नळ्यांमधून पुढे जातो, नळ्या पाण्यात बुडालेल्या, पुढे धुरांडं. सुरुवातीला रॉकेलमध्ये भिजवलेले लाकडी कोळशाचे तुकडे घालून काडी लावायची. पण आग ओढायला हवा लागते, म्हणून धुरांड्यावर छोटा इलेक्ट्रिक पंखा उलटा ठेवतात, तो धूर वर खेचतो आणि खाली निखारे फुलायला लागतात. मग गोटीएवढे दगडी कोळशाचे तुकडे थोडे थोडे. वीस-तीस मिनिटांत प्रेशरचा काटा हलतो, आणि तो हलताना बघण्यात जे सुख आहे ते मला अजून कुठे मिळालेलं नाही.

काटा जरा वर गेला की पंखा काढायचा, आता इंजिनाची स्वतःचीच वाफ धुरांड्यात फुंकून आग ओढता येते. चालायला लागलं की तर आणखी सोपं, सिलिंडरमधून काम करून सुटलेली वाफ धुरांड्यातूनच जोरात बाहेर पडते आणि आपल्याबरोबर धूर ओढून नेते. तोच झुक आवाज. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला चार झुक. इंजिन जितकी मेहनत करेल तितकी वाफ जास्त सुटेल, तितकी आग जास्त फुलेल, कोणी बटण न दाबता आपोआप जमणारा हा हिशोब आहे आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांच्या डोक्याला माझा सलाम आहे.

निघायच्या आधी सिलिंडरच्या तळाच्या तोट्या उघड्या ठेवायच्या. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी झालेलं असतं आणि पाणी दाबलं जात नाही, पिस्टन त्यावर आपटला तर काहीतरी वाकणार नाहीतर तुटणार. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी जे वाफेचे फवारे दिसतात ते शोभेसाठी नसतात, हे त्याचं कारण.

आता सगळ्यात कोड्यात टाकणारी वस्तू, इंजेक्टर. चालू बॉयलरमध्ये प्रेशर असताना नवीन पाणी आत ढकलायचं कसं? हातपंप असतो, चाकाच्या आसावर चालणारा पंप असतो, पण इंजेक्टरमध्ये एकही हलता भाग नाही आणि तो बॉयलरचीच वाफ वापरून त्याच बॉयलरमध्ये पाणी घुसवतो. 1858 साली फ्रान्सच्या आंरी जिफार यांनी हे शोधलं तेव्हा इंजिनिअरांनाही पटत नव्हतं. समजायला असं धरा, घट्ट दार उभं राहून ढकललं तर हलत नाही पण लांबून धावत येऊन खांदा मारला तर उघडतं. वाफ बारीक तोंडातून प्रचंड वेगाने सुटते, थंड पाण्याला भिडून स्वतः पाणी होते आणि आपला वेग त्या पाण्याला देते, मग ते पाणी धावत येऊन बॉयलरचा वॉल्व्ह ढकलून आत शिरतं. यात ‘थंड पाणी’ महत्त्वाचं. एका कडक उन्हाच्या दिवशी माझ्या इंजिनाच्या टाकीतलं पाणी बॉयलरला खेटून असल्यामुळे तापलं, वाफ त्यात विरेना, इंजेक्टर नुसता थुंकत राहिला आणि मी मागे सहा प्रवासी घेऊन हातपंप मारत घरी आलो. तेव्हापासून टाकीत थंड पाण्याची बाटली ओतायला जवळ ठेवतो.

“बॉयलर फुटला तर?”

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. वातावरणाच्या दाबाला एक लिटर पाण्याची साधारण सोळाशे लिटर वाफ होते. आणि 7 बार दाबाच्या बॉयलरमधलं पाणी 100 नाही तर 170 डिग्रीच्या आसपास असतं. म्हणजे कुठे मोठी फट पडली तर दाब कोसळतो आणि त्या पाण्यातला बराचसा भाग एका क्षणात वाफ होतो. कुकर आहे हा, पण शिट्टीपेक्षा कितीतरी जास्त दाबाचा.

म्हणून नियम कडक असतात आणि असायलाच हवेत. नवीन बॉयलर आधी थंड पाण्याने गच्च भरून, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता, चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबाने तपासतात. पाणी का? कारण पाणी दाबलं जात नाही, त्यात ऊर्जा साठत नाही, बॉयलर कुठे फाटला तर थोडं पाणी गळतं आणि काटा शून्यावर, स्फोट होत नाही. हवेने कधीही तपासायचं नाही, कधीही. त्यानंतर ठराविक काळाने दीडपट दाबाची तपासणी, आणि सेफ्टी वॉल्व्हची वेगळी, आग पूर्ण फुलवलेली असतानाही दाब ठरलेल्यापेक्षा दहा टक्क्यांच्या वर चढता कामा नये. ही तपासणी ज्याने बॉयलर बांधला त्याने करायची नसते, दुसऱ्या जाणकाराने करून सही द्यायची असते. ज्या इंजिनाकडे चालू सर्टिफिकेट नाही त्याच्या मागे बसू नका, मालक कितीही जवळचा मित्र असला तरी.

आणि पाण्याची पातळी. फायरबॉक्सचं डोकं पाण्याखाली असतं तोवर सुरक्षित, उघडं पडलं की खालच्या आगीने धातू मऊ पडतो. पातळी दाखवायला काचेची नळी असते आणि इथे परत तोच ‘लहान न होण्याचा’ प्रश्न येतो, बारीक नळीत पाणी काचेला चिकटून बसतं, थेंब अडकतो आणि नळी भरलेली दिसते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी अशाच काचेवर विश्वास ठेवून अर्धी फेरी मारली होती. शेजारी बसलेल्या अनुभवी काकांनी न बोलता हात पुढे करून नळीखालची तोटी उघडली, पाणी फसकन निघून गेलं आणि काच परत भरली ती जेमतेम तळाला. त्यांनी लगेच पंप मारायला लावला आणि आग कमी करायला सांगितली, ओरडले नाहीत. आता मी दर फेरीला ती तोटी उघडून बघतो.

“एवढ्या हळू गाडीत पडायची काय भीती?”

वेग धावणाऱ्या माणसाएवढा किंवा कमीच, तरी भीती आहे. खऱ्या डब्यात वजनाचा मध्य रुळापासून दीड-पावणेदोन मीटरवर आणि रुळांची रुंदी जवळपास दीड मीटर. इथे रुळांची रुंदी 18 सेंटिमीटर आणि वर बसलेल्या माणसाच्या वजनाचा मध्य अर्ध्या मीटरच्या आसपास. मागे वळून फोटो काढायला कोणी झुकलं की अख्खा डबा कलंडू शकतो. पाय पायऱ्यांवर, हात आत, झुकायचं नाही, उभं राहायचं नाही, हे सांगणाऱ्या गार्डवर चिडू नका.

वॉल्ट डिस्ने यांच्या घरामागेही अशीच 1:8 ची रेल्वे होती, कॅरोलवुड पॅसिफिक, 1950 साली सुरू झाली, इंजिनाचं नाव ‘लिली बेल’. 1953 मध्ये पाहुणा ड्रायव्हर वळणावर जास्त वेगात गेला, इंजिन रुळावरून उतरलं, त्याची शिट्टी तुटून वाफेचा झोत सुटला आणि बघायला जवळ गेलेल्या एका लहान मुलीला भाजलं. डिस्ने यांनी ती रेल्वे बंद केली. मोठ्या माणसाची, पैसा ओतून बांधलेली रेल्वे, आणि चूक फक्त वेगाची.

जाता जाता, वळणावर गाडी रुळावर राहते ती फक्त चाकाच्या कडेमुळे असं बहुतेकांना वाटतं. चाक थोडं शंकूसारखं निमुळतं असतं, वळणावर गाडी बाहेर सरकली की बाहेरचं चाक आपल्या मोठ्या घेरावर चालतं आणि आतलं लहान घेरावर, मग दोन्ही एकाच आसाला पक्की असूनही आपोआप वळतात. कड ही शेवटची राखण. कागदी पेला आडवा करून घरंगळवून बघा, तो गोल फिरतो, तत्त्व तेच.

“मग बॅटरी लावा की, कोळसा कशाला?”

लावतात, भरपूर लोक लावतात, आणि त्यात काहीही कमी नाही. 24 व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालणारं डिझेल इंजिनासारखं दिसणारं मॉडेल पाच मिनिटांत निघायला तयार होतं, दिवसभर माणसं ओढतं आणि संध्याकाळी चार्जरला लावलं की संपलं. वाफेच्या इंजिनाला सकाळचा एक तास आणि संध्याकाळचा एक तास द्यावाच लागतो, राख काढा, नळ्या ब्रशने साफ करा, बॉयलर रिकामा करा, तेल पुसा. ज्याला गाडी चालवायची हौस आहे त्याने बॅटरी घ्यावी, ज्याला यंत्र जिवंत करायची हौस आहे त्याने वाफ. मी दुसऱ्यातला, पण क्लबचा गर्दीचा दिवस बॅटरीवाल्यांच्या जिवावर निभावतो हे मान्य करतो.

“बांधायला तर आयुष्य जाईल”

पाच इंचाचं इंजिन आराखड्यापासून बांधायला फक्त सुट्टीच्या दिवशी काम केलं तर सहज काही वर्षं जातात, यात खोटं नाही. चाकं आणि सिलिंडर ओतीव मिळतात, ती लेथवर घासून मापात आणायची, सांगाडा कापायचा, आणि बॉयलर बहुतेकदा तांब्याचा, चांदीच्या मिश्रणाने झाळायचा. तांबं उष्णता इतकी भराभर पसरवतं की एका बर्नरने सांधा तापतच नाही, दोघांनी दोन बर्नर धरावे लागतात. हे काम पहिल्यांदा एकट्याने करू नका. बरेच जण बॉयलर तयार आणि तपासलेला विकत घेतात आणि बाकीचं स्वतः बांधतात, मला हा शहाणपणा वाटतो.

पण सुरुवात बांधण्यापासून करायचीच नसते. जिथे जवळपास असा ट्रॅक असेल तिथे जाऊन आधी रुळावर काम करा. तिथे माणसं कायम कमी असतात आणि शिकायला सगळ्यात जास्त तिथेच मिळतं. ॲल्युमिनियमचा दहा मीटरचा रूळ थंडीतून उन्हात 40 डिग्री तापला तर 9 मिलिमीटर लांब होतो, सांध्यात तेवढी जागा ठेवली नसेल तर रूळ सापासारखा वाकतो आणि मग तुम्हीच तो उन्हात बसून सरळ करता. खडी हलली की कुठे खळगा पडतो, चढ शंभरात एकाच्या वर गेला की कुठलं इंजिन रडतं, हे हाताला कळायला लागलं की मग फायरमन (आगीत कोळसा टाकणारा), मग कोणीतरी शेजारी बसलेलं असताना ड्रायव्हर. तिथवर पोचल्यावर आपल्याला कुठलं इंजिन हवंय हे कोणाला विचारावं लागत नाही. आणि पहिल्या दिवशी जाताना सुती कपडे घाला, धुरांड्यातून उडालेली ठिणगी नायलॉनच्या शर्टला लगेच भोक पाडते.